विश्लेषण : अन्ननलिकेच्या कर्करोगात गाठीचा आकार किती महत्त्वाचा?

भाकरी छातीत अडकते, मग ती आमटीत कुस्करून खावी लागते आणि काही दिवसांनी नुसती पेजच उतरते. अन्ननलिकेच्या कर्करोगात अनेकांना जाणवणारे हे पहिले लक्षण. शस्त्रक्रियेनंतर अहवालात ‘गाठ 4 सेंटिमीटर’ असे लिहून येते आणि घरच्यांचा प्रश्न असतो : माणूस किती वर्षे जगेल? त्याचे उत्तर या एका आकड्यात नाही.

लांबी की खोली?

पूर्वी गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा लांब आहे का, यावरून आजाराचा टप्पा ठरवला जाई. 1987 मध्ये हा निकष बदलला. आता ‘टीएनएम’ वर्गीकरणात तीन गोष्टी पाहतात : गाठ अन्ननलिकेच्या भिंतीत किती खोल गेली, लसिकाग्रंथींत पोहोचली का आणि दूरच्या अवयवांत पसरली का. त्यामुळे ग्रंथींपर्यंत गेलेली 2 सेंटिमीटरची गाठ वरवरच्या 5 सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा घातक ठरू शकते.

मग लांबीला अर्थच नाही?

आहे. लांब गाठ बहुधा खोलवर गेलेली असते. अन्ननलिकेला आतड्यासारखे बाहेरचे आवरण नसते आणि तिच्या भिंतीत लसिकावाहिन्या वर-खाली पसरलेल्या असतात. त्यामुळे रोग लवकर फैलावतो. लांब गाठ असलेल्यांचे शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

आधी औषध, मग शस्त्रक्रिया

नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. थेट शस्त्रक्रिया झालेल्या गटातील निम्मे रुग्ण 24 महिन्यांहून अधिक जगले. आधी केमोथेरपी व रेडिएशन दिलेल्या गटात हाच आकडा 49 महिने होता. या चाचणीत 8 सेंटिमीटरपेक्षा लांब गाठी घेतलेल्या नव्हत्या. अशा उपचाराने गाठ आकसते, म्हणून काढलेल्या गाठीचे माप उपचारापूर्वीच्या एंडोस्कोपी व सीटी स्कॅनसोबतच वाचावे लागते.

गंजाडमध्ये काय व्हायला हवे?

डहाणू तालुक्यातील गंजाडहून डहाणू रोड गाठून लोकलने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचे, तर दिवस जातो आणि मजुरीही बुडते. म्हणून पहिली दखल गावातच घेतली गेली पाहिजे. घास अडकण्याची तक्रार दोन आठवडे टिकली, तर केवळ पित्ताच्या गोळ्यांवर न भागवता रुग्णाला एंडोस्कोपीसाठी पाठवायला हवे. तंबाखू, बिडी किंवा दारूची सवय असलेल्यांबाबत तर अजिबात थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्यासाठी रेशन कार्ड व आधार कार्ड तयार ठेवावे.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : गाठ किती खोल होती? काढलेल्या किती ग्रंथींपैकी किती बाधित निघाल्या? कडा रोगमुक्त आहेत का? पुढच्या आयुष्याचा अंदाज सेंटिमीटरपेक्षा या उत्तरांवरून अधिक नेमका बांधता येतो.