परदेशी करार मोजू नका, जाऊन आलेली मुलं मोजा



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय असतो, ॲडमिशन. तुमच्याही टेबलावर चार-पाच कॉलेजांची माहितीपत्रके पडली असतील. त्यातले एक पान नक्की सारखे असेल. वर वेगवेगळ्या देशांचे झेंडे आणि खाली ओळ, ‘इतक्या परदेशी विद्यापीठांशी आमचे करार आहेत’.

आज एक कबुली देते. असे एक पान मी लिहिलेले आहे. मी कंटेंट रायटर, तंजावरला राहते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कॉलेजच्या वेबसाइटचे काम आले. हातात फक्त विद्यापीठांच्या नावांची यादी होती. “यातल्या कुठे किती मुलं गेली?” असे विचारले, तर उत्तर आले, “ते राहू दे, यादी छान दिसली पाहिजे.” मी यादी छान दिसेल असे लिहून दिले.

वर्षभराने मामांनी तेच पान मोबाईलवर माझ्यापुढे धरले. मामेभावाला तिथे घालायचे चालले होते. मामा म्हणाले, “हे तूच लिहिलंस ना? मग यातलं जाऊन आलेलं एक पोर मला दाखव.” मला दाखवता आले नाही.

करार म्हणजे नक्की काय?

दोन विद्यापीठे आधी बहुतेक वेळा सामंजस्य करार करतात. ‘आपण एकत्र काम करू या’ असे त्यात लिहिलेले असते. तो साखरपुड्यासारखा समजा. मुले कोणत्या सेमिस्टरला जाणार, फी कुठे भरणार, तिथले क्रेडिट इथे धरणार का, हे सगळे पुढे वेगळे ठरवावे लागते. ते ठरले नाही तर कागद फायलीत राहतो आणि झेंडा वेबसाइटवर.

मग खरी भागीदारी कशी उभी राहते? याचे एक उत्तर आमच्या गावात दोनशे वर्षांपूर्वीचे आहे.

सरफोजीराजांचे तंजावर

तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्रीच्या देखरेखीखाली वाढले. श्वार्ट्झ जर्मनीतल्या हाले विद्यापीठात शिकलेले. १७५० मध्ये ते इथून जवळच्या तरंगमबाडीला, तेव्हाच्या डॅनिश वसाहतीत उतरले. म्हणजे सुरुवात एका माणसाच्या येण्याने झाली.

पुढे राजांनी युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशी हजारो पुस्तके मागवली. ती आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, अनेकांवर राजांची सही आहे. पण पुस्तके कपाटात लावून ते थांबले नाहीत. वाड्यात छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. धन्वंतरी महालात देशी वैद्यकाबरोबर युरोपीय वैद्यकही चालले. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची चित्रे जपून ठेवलेली आहेत, आणि आपल्या काळात चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास केला.

बाहेरच्यांना द्यायलाही इथे खूप होते. संस्कृत, तमिळ, मराठी, तेलुगू हस्तलिखितांचा एवढा साठा की बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने इथल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली आणि १८८० च्या सुमारास ती लंडनमध्ये छापली गेली. १९१८ मध्ये हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. १९८१ मध्ये गावात तमिळ विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याने मराठा काळातली मोडी कागदपत्रे तमिळमध्ये आणली. मोडी, मराठी, तमिळ आणि इंग्रजी, एका विषयाला चार दारे! अशा ठिकाणी देशोदेशीचे अभ्यासक आपण होऊन येतात.

यातून मला तीन गोष्टी दिसतात: आपल्याकडे देण्यासारखे काहीतरी हवे, माणसांची ये-जा हवी आणि झालेल्या कामाची नोंद हवी. या तिन्ही असतील, तर तिथे कराराला अर्थ आहे.

आजचे नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत परदेशी विद्यापीठाबरोबर पदवी देण्याचे तीन प्रकार आहेत.

- ट्विनिंग: पदवी भारतीय संस्थेचीच. अभ्यासाचा काही भाग, जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट, परदेशात.
- जॉइंट डिग्री: दोन्ही संस्थांची मिळून एकच पदवी. प्रत्येकीकडे किमान ३० टक्के क्रेडिट.
- ड्युअल डिग्री: दोन संस्थांच्या दोन वेगळ्या पदव्या. भारतीय संस्थेत किमान ३० टक्के क्रेडिट.

परदेशी विद्यापीठाची नुसती फ्रँचायझी चालवायला या नियमांत परवानगी नाही. तेव्हा ‘फॉरेन डिग्री’ हा शब्द दिसला, की यातला प्रकार कोणता, हे आधी विचारा.

फी भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. गेल्या तीन वर्षांत या करारातून किती विद्यार्थी गेले आणि तिकडून किती आले?
२. माझ्या मुलाच्या शाखेला हा करार लागू आहे का? त्याची मुदत कधी संपते?
३. परदेशातल्या सेमिस्टरची फी, व्हिसा, राहणे-जेवण यांचा खर्च कोण करणार?
४. तिथले क्रेडिट इथल्या गुणपत्रिकेत लेखी धरले जातील का?
५. जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्याशी बोलता येईल का?

पाचवा प्रश्न माझ्या मामांचा आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. कॉलेजला तो आवडला नाही, तरी संकोच करू नका. पैसे तुमचे आहेत आणि वर्षे तुमच्या मुलाची.

मामेभावाचे पुढे काय झाले? मामांनी हे प्रश्न दोन ठिकाणी विचारले. झेंड्यांच्या कॉलेजने “कळवतो” म्हटले, अजून कळवलेले नाही. दुसऱ्याकडे करार एकच होता, पण त्यांनी तिथे जाऊन आलेल्या दोन मुलींशी बोलणे करून दिले. त्यांनी थंडी, खर्च, राहून गेलेला एक पेपर, सगळे मोकळेपणाने सांगितले. भाऊ आता तिथेच आहे.

आणि मी? आता असे काम आले, की यादीबरोबर गेलेल्या मुलांचा आकडाही मागते. आकडा मिळाला नाही, तर ते पान लिहीत नाही.

तुमच्या घरी कोणी असे परदेशी सेमिस्टर करून आले असेल, तर त्याला शेजारच्या बारावीच्या मुलाशी दहा मिनिटे बोलायला सांगा. माहितीपत्रकापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

भेटू पुढच्या अंकात!