बाटलीवरचं नाव म्हणजे पुरावा नव्हे

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. एक ओळ बदलली आणि बग गेला, तर लगेच पेढे वाटायचे नाहीत. त्या बदलाने आणखी काय काय हललं ते आधी बघायचं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत मात्र पेढे वाटणं वर्षानुवर्षं चालू आहे!

मामला असा. माणसाकडे ५००हून जास्त प्रकारची कायनेज आहेत. काम एकच, एटीपीमधला फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रोटीनला चिकटवायचा. याला म्हणतात फॉस्फोरिलेशन, पेशीतली चालू-बंदची बटणंच म्हणा ना. कायनेज थांबवणारी बहुतेक औषधं त्याची एटीपीची खाच अडवतात. पण ही खाच सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच! एका कुलपाची किल्ली वाड्यातल्या आणखी चार दारांना लागणारच.

तरी निबंधांत काय लिहितात? एच-८९ टाकलं, फॉस्फोरिलेशन उतरलं, म्हणजे हे काम पीकेएचं. अहो, कशावरून? डंडीच्या फिलिप कोहेन यांच्या गटाने २००० सालीच दाखवलंय की एच-८९ हे एस६के१ आणि एमएसके१ यांनाही पीकेएइतक्याच जोराने अडवतं. पीकेसी-डेल्टासाठीचं म्हणून वापरलं जाणारं रॉटलेरिन तर पीकेसी-डेल्टाला अडवतच नाही, हेही त्यातच आहे.

कोणी म्हणेल, रोगी बरा झाल्याशी मतलब. इमॅटिनिब नाही का, २००१ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी आलं आणि किट या दुसऱ्याच कायनेजलाही अडवतं म्हणून २००२ मध्ये पचनमार्गातल्या एका गाठीसाठीही मंजूर झालं? मान्य. पण तिथे त्या गाठींत किट बिघडलेलं असतं हे माहीत होतं. नेम धरून मारला होता, अंधारात नव्हे.

आता दुसरी बाजू बघा. ओटीएस९६४ हे औषध पीबीके कायनेजसाठीचं. २०१९ मध्ये संशोधकांनी क्रिस्परने पीबीकेचं जनुकच बाद केलं, तरी औषध कर्करोगाच्या पेशी मारतच राहिलं! खरं लक्ष्य निघालं सीडीके११. त्याच अभ्यासातली आणखी काही औषधं तर रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली होती, आणि त्यांचंही लक्ष्य चुकीचंच सांगितलं जात होतं. लक्ष्यच चुकलं तर औषध कोणत्या रुग्णाला द्यायचं हे कसं ठरवणार?

मागणी फार नाही. रचनेने वेगळी अशी दोन औषधं वापरा. मग औषध चिकटणारच नाही असं कायनेजचं बदललेलं रूप पेशीत घाला. तरीही फॉस्फोरिलेशन उतरलं, तर चोर दुसराच आहे. एवढं केलं नसेल तर निबंध सरळ परत पाठवा.

चार ओळींच्या कोडला आपण टेस्ट मागतो. इथे तर माणसं आहेत राव.