प्राणी आधी, आपण मागून



आमचे वावर जंगलाच्या कडेला आहे. जंगल म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्य. ते बुलढाणा आणि खामगाव यांच्या मध्ये आहे. त्यात बिबट, अस्वल, रोही, हरिण, रानडुक्कर असे प्राणी राहतात. हिवाळ्यात हरभरा आला की बाबा रोज रात्री जागलीला जातात. एका रात्री त्यांचा डोळा लागला आणि रोह्यांचा कळप अर्धा हरभरा खाऊन गेला. आई त्या दिवशी जेवली नाही. मी पण खूप रडली.

तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "मारूनच टाका त्याइले. जमीन आपली हाय का त्याइची?" मला पण तसेच वाटले. पण आता माझे मत बदलले आहे. का बदलले ते सांगते.

गुरुजींनी आम्हाला माणसाची गोष्ट सांगितली. आपण सगळे मूळचे आफ्रिकेतले. तिथे इथिओपिया देशात १९७४ साली ल्यूसीची हाडे सापडली. ती सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची आहेत. ल्यूसी आपल्यासारखी नव्हती, पण दोन पायांवर चालायची. आपल्यासारखा माणूस सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत झाला आणि तिथून चालत चालत जगभर गेला. आपण त्याचीच लेकरे.

आता आपले लोणार पाहा. आकाशातून उल्का पडून तिथे मोठा खड्डा झाला. शास्त्रज्ञ आता सांगतात की त्याला सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे झाली. मित्रांनो, गणित करा! लोणारचा खड्डा आधीचा आणि माणूस मागचा. बिबट्याची जात तर त्याहूनही जुनी. मग जमीन एकट्या माणसाची कशी?

आफ्रिकेत सेरेंगेटी नावाचे मोठे गवताळ रान आहे. तिथे दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट दरवर्षी गवत-पाण्यासाठी चालत जातात. आपल्याकडे पण असा एक चालणारा वाघ आला होता. २०१९ साली तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघाला आणि १३०० किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगेत आला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून हे कळले. वाटेत किती वावरे, किती रस्ते लागले असतील! एखाद्या कुंपणाच्या तारेत करंट असता तर तो पोचलाच नसता.

चित्ता भारतातून संपला, असे १९५२ साली सरकारने जाहीर केले. मग २०२२ साली आफ्रिकेतल्या नामिबियातून ८ चित्ते विमानाने आणावे लागले. उद्या रोही संपले तर कुठून आणायचे? आफ्रिकेच्या रानात तर रोही नाहीच. तो आपल्याच देशाकडचा प्राणी आहे.

पण बाबांचे नुकसान पण खरे आहे. पोट आपल्याला पण आहे. म्हणून माझे मत असे आहे. पीक खाल्ले तर वनखात्याकडे अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा, आणि भरपाई वेळेवर मिळावी. तारेत करंट कोणी सोडू नये, त्याने माणूस पण मरतो. उन्हाळ्यात डोंगराच्या गवताला आग लावू नये. जंगलात गवत-पाणी राहिले तर प्राणी वावरात कमी येतील.

हे मी बाबांना वाचून दाखवले. ते हसून म्हणाले, "बराबर हाय पोरी, पण मंग जागलीले तू येशील काय?" मी हो म्हणाली. शनिवारी मी गेली. रात्री रोही आले. मी रिकामा डबा जोरात वाजवला आणि बाबांनी बॅटरी दाखवली. रोही जंगलात पळून गेले. हरभरा वाचला आणि रोही पण वाचले.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी