पाळण्याआधीची तयारी

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडील रिवाज केवळ भावनेपोटी नव्हता. बाळाला न्हाऊ कसे घालावे, अंगावर कसे पाजावे, हे दाखविणारी अनुभवी माणसे तेथे हाताशी असत. आज पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत पाळणा येतो, दुपटी-झबली येतात. आजी मात्र पंधरा दिवसांच्या रजेवर येते. (ती स्वतःच नोकरीत असते!) अशा वेळी पित्याने रुग्णालयाचे बिल भरून मोकळे व्हावे काय? २०१७च्या दुरुस्तीने मातेची प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली, हे उचितच. खासगी नोकरीतील पित्यासाठी मात्र तीत एका दिवसाचीही तरतूद नव्हती. म्हणूनच डोहाळजेवणाचा हॉल ठरविताना रजेचाही हिशेब मांडावयास हवा.

जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू व्हावे, पहिला पिवळसर चीक टाकून देऊ नये, सहा महिने वरचे पाणीही देऊ नये, हे पित्यालाही ठाऊक असावे. मधाचेही तसेच. त्यातील जिवाणूंमुळे तान्ह्याला बोट्युलिझमसारखा गंभीर विकार होऊ शकतो. म्हणून वर्षाच्या आत मध वर्ज्य. मधाचे बोट पुढे करणाऱ्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे थांबविण्याचे काम ओल्या बाळंतिणीवर टाकू नये. ते तिच्या पतीचे आहे.