जपलेली पावती

डॉ. हुआन नेग्रिन यांचा जन्म १८९२ साली कॅनरी बेटांतील लास पाल्मास येथे, एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. जर्मनीत वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते वयाच्या तिसाव्या वर्षी माद्रिद विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे सेवेरो ओचोआ हे त्यांचेच विद्यार्थी. माद्रिदच्या नव्या विद्यापीठनगरीच्या उभारणी मंडळाचे चिटणीसपदही त्यांनी सांभाळले.

जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या सेनाधिकाऱ्यांनी प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले आणि यादवी युद्ध पेटले. बंडखोरांना जर्मनी व इटलीची मदत मिळाली. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मात्र अलिप्ततेचे धोरण पत्करल्याने कायदेशीर सरकारला शस्त्रे मिळेनाशी झाली. अशा वेळी, सप्टेंबरमध्ये, नेग्रिन अर्थमंत्री झाले.

शत्रू माद्रिदच्या रोखाने येत होता आणि बँक ऑफ स्पेनच्या तळघरात राष्ट्राची शतकांची पुंजी होती. तिचा काही भाग फ्रान्सला विकण्यात आला. उरलेले सुमारे ५१० टन सोने, बहुतांश नाण्यांच्या रूपात, ७८०० पेट्यांतून ऑक्टोबरअखेर कार्ताखेना बंदरातून सोव्हिएत रशियाला रवाना झाले. काही आठवड्यांतच नेग्रिन यांनी उभारलेली विद्यापीठनगरी रणभूमी बनली.

मे १९३७ मध्ये ते पंतप्रधान झाले. प्रतिकार करीत राहण्यातच विजय आहे, ही त्यांची भूमिका होती. परंतु मार्च १९३९ मध्ये त्यांच्याच बाजूच्या सेनानींनी त्यांची सत्ता उलथली आणि युद्ध संपले. सोने शस्त्रे व युद्धसामग्रीच्या खरेदीत संपले होते. सारी ठेव एकाच सावकाराकडे ठेवणाऱ्याला भाव करता येत नाही, हा आक्षेप रास्तच होता. पण दुसरी कोणतीही पेढी दार उघडत नव्हती, हेही तितकेच खरे.

परागंदा अवस्थेत त्यांच्यावर राष्ट्राची दौलत परक्यांना दिल्याचा ठपका आला. १९४६ साली त्यांच्याच समाजवादी पक्षाने त्यांना काढून टाकले. मात्र त्या सोन्याची पावती आणि कागदपत्रे त्यांनी वीस वर्षे सांभाळून ठेवली होती.

नोव्हेंबर १९५६ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार कुटुंबीयांनी ते दप्तर स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. स्पेनमध्ये तेव्हा राज्य होते जनरल फ्रँको यांचे, म्हणजे ज्यांच्याशी ते अखेरपर्यंत लढले त्यांचेच. तरीही नेग्रिन यांच्या लेखी ती पावती ना त्यांची होती, ना त्यांच्या पक्षाची, ना फ्रँको यांची; ती स्पेनची होती. तिजोरी रिकामी झाली, तरी जबाब देण्याचे कर्तव्य संपत नाही, हे या वैद्याने मृत्यूनंतरही पाळले.

२००८ साली पक्षाने त्यांची हकालपट्टी रद्द केली. पॅरिसमधील त्यांच्या समाधीवर, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, नावाची केवळ आद्याक्षरे आहेत.