प्रदर्शनातल्या पडद्यावर खरे काय, नाट्य काय?

१४ एप्रिल किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की अमरावती-अकोल्यातल्या विहारांत आणि समाजमंदिरांत छायाचित्र प्रदर्शने भरतात. आता फोटोंच्या शेजारी टीव्हीचा पडदाही लागू लागला आहे. पेन ड्राइव्ह लावला की व्हिडिओ सुरू होतो आणि तरुण तिथेच थांबतात. हे चांगलेच आहे. पण त्या पडद्यावर आपण काय दाखवतो, याचा विचार चळवळीने केलाच पाहिजे.

अमरावतीचेच उदाहरण घ्या. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इथल्या इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न अंबादेवी मंदिरप्रवेशाचा होता. मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता आणि मनुस्मृती दहनाला अजून दीड महिना होता. त्या काळी सभांचे चित्रीकरण सहसा होत नसे. मग पडद्याची ही रिकामी जागा मालिका-चित्रपटांतली दृश्ये भरून काढतात. जब्बार पटेलांचा २००० सालचा चित्रपट महत्त्वाचा आहे, पण त्यातले बाबासाहेब म्हणजे अभिनेते मामुट्टी. खाली तशी पाटी नसेल तर शाळकरी मूल तेच दृश्य अस्सल समजून घरी जाते.

अस्सल चित्रीकरणाचे मोल किती असते? ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेली बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित करून घेतली. आज ती दृश्ये मोबाइलवर सर्रास फिरतात, पण त्यांच्यासोबत व्हटकरांचे नाव क्वचितच दिसते.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने बाबासाहेबांच्या तोंडी हवे ते वाक्य घालता येते. असा एक व्हिडिओ आपल्याच प्रदर्शनात सापडला, तर विरोधक शेजारच्या खऱ्या पुराव्यावरही बोट ठेवतील. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. पडद्यावर दिसते म्हणूनही विसंबू नये.

म्हणून आयोजकांनी साधे नियम पाळावेत. प्रत्येक चित्रफितीखाली पाटी हवी: कोणी, कधी, कुठे चित्रित केली, मूळ चित्रीकरण की चित्रपटातले दृश्य? कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला व्हिडिओ बाबासाहेबांच्या नावावर दाखवूच नये. चित्रफीत दोन-तीन मिनिटांची असावी, कारण उभा माणूस त्याहून जास्त थांबत नाही. आवाज कमी ठेवावा आणि खाली मजकूर द्यावा, म्हणजे वंदना सुरू असतानाही ती पाहता येईल आणि ऐकू न येणाऱ्यालाही कळेल. ज्येष्ठांसाठी समोर बाक ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र वेगळेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेले वऱ्हाडातले जे आजी-आजोबा आज हयात आहेत, त्यांच्यात तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलेही आता ऐंशीच्या घरात आहेत. नागपूरला कसे गेलो, शिदोरी काय होती, परत आल्यावर घरातले देव कुठे नेले, हे तेच सांगू शकतात. त्यांची परवानगी घ्या, मोबाइल स्थिर ठेवा, नाव-गाव-तारीख नोंदवा. त्यांची वऱ्हाडी बोली जशीच्या तशी राहू द्या. मूळ फाइल दोन ठिकाणी जपा.

चित्रपटातली दृश्ये पुढच्या वर्षीही मिळतील. ही माणसे पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. येत्या प्रदर्शनाचा पडदा आधी त्यांना द्या.

जय भीम!