बैठकीतला दादा

मिरजेत समुद्र कुठला? माझ्या बैठकीत आहे. 200 लिटरचा, लिटरला 35 ग्रॅम मीठ कालवलेला. त्यात डॉमिनो डॅमसेल आणला, काळाभोर, तीन पांढऱ्या ठिपक्यांचा, नखाएवढा. वर्षभरात पठ्ठ्यानं क्लाउनफिशच्या शेपट्या कुरतडल्या. शेजारी म्हणाले, "सोडा कृष्णेत!" अहो, गोड्या पाण्यात तो मरेल की. मी त्याला चार दिवस त्याच टाकीत भोकांच्या डब्यात कोंडलं आणि दगडांची जागा बदलली. हद्दीच्या खुणा गेल्या, गडी नरमला. थोडासाच.

माशाला काय बोल लावायचा? हद्द राखणं त्याच्या रक्तातच. राग आहे तो विकणाऱ्यावर. हा भांडखोर आहे, टाकीत सगळ्यात शेवटी सोडा, एवढं सांगायला त्याचं काय जात होतं?